पाटाच्या अलीकडे: किनाऱ्यावरच्या सहा घरांची दोन दिवसांची पाहणी (प्रकरण अभ्यास)

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, गावाच्याच ग्रंथालयाने शनिवार-रविवार जोडून जुन्या घरांची पाहणी ठरवली. घरांची तपासणी करण्यासाठी मला बोलावलं होतं, त्यामुळे ठरण्यापासून हिशेबापर्यंतचं बरंचसं समोर घडताना पाहिलं. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरांना इथे गावात रुळलेल्या हाकेसारखीच साधी नावं दिली आहेत.

पार्श्वभूमी

गाव उतारावर वसलेलं. वर सडा म्हणजे कातळाचं पठार, खाली खाडी, मधून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. पाखाडीच्या दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे आणि त्यांच्या आत घरं. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना ओला, मऊ असतो, तासणीने सहज तासता येतो आणि वारा लागला की टणक होतो. या दगडाला शास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा नाव दिलं ते फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली, केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून. कोकणातल्या गवंड्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून हाताखालचा.

घरांची मांडणी कोकणात फिरलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. पुढे खळं आणि तुळस, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागीलदारी न्हाणी आणि विहीर. मोठ्या घरांवर माडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस आडवा मारतो, म्हणून छपराचे पाखे उतरते आणि पुढे लांब ओढलेले. छपरावर पूर्वी कुंभाराचे नळे असायचे. १८६५ मध्ये बासल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, तिथून पुढे किनाऱ्याने चपटी कौलं पसरत गेली. या गावातही एका घराच्या पडवीत उतरवून ठेवलेल्या कौलांच्या पोटावर कारखान्याचे ठसे अजून वाचता येतात.

गेल्या काही वर्षांत यातली घरं झपाट्याने जाऊ लागली. कारणं सगळ्यांना पाठ आहेत: घरातली माणसं मुंबईला, शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायला, माणूस मिळत नाही, वाळवी, हिस्से. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने उत्तरेकडच्या दापोली, श्रीवर्धन भागात छपरं उडवली आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं, तेव्हा 'स्लॅब टाकला की सुटलो' हे वाक्य गावात घरोघर ऐकू येऊ लागलं.

ग्रंथालय स्वतः एका जुन्या घरात चालतं. समितीतल्या निवृत्त शिक्षकांची कल्पना अशी, की बाहेरच्या लोकांनी येऊन ही घरं आस्थेने पाहिली, तर गावातल्यांनाही त्यांच्याकडे नव्याने पाहावंसं वाटेल आणि चार पैसे दुरुस्तीला मिळतील. माणशी अडीच हजार रुपये, त्यात राहणं, जेवण आणि फिरणं. शनिवारी रत्नागिरीतल्या सार्वजनिक वास्तू, रविवारी गावातली घरं. नोंदणी सुरू झाली आणि आठवड्याभरात ४६ नावं आली. वास्तुकलेचे विद्यार्थी, काही शिक्षक, दोन कुटुंबं आणि बाकी हौशी मंडळी.

अडचण

घरांची यादी पक्की होण्याआधी नोंदणी उघडली होती. पुढच्या बऱ्याचशा अडचणी तिथून निघाल्या.

पहिली यादी पाहिली तर तीत पाचही घरं वरच्या आळीतली, म्हणजे जुन्या खोतांची (सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांची) आणि त्यांच्या भाऊबंदांची. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण 'पाहण्यासारखं घर' म्हटलं की बोट अजून तिकडेच वळतं. समितीतल्या एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "सर, खाडीला लागून जी घरं आहेत, ती कोकणातली नाहीत काय?" खारवीवाड्यातली, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतली घरं बुटकी, वाऱ्याला पाठ करून बसलेली, जाळी सुकवायला पुढे मोकळं अंगण ठेवणारी. मोहल्ल्यातल्या घरांचे ओटे रुंद, आतला भाग बायकांचा. ही घरं सोडून किनाऱ्याची वास्तुकला दाखवतो म्हणणं खोटं ठरलं असतं. यादी बदलली आणि सहा घरं झाली: मोठं घर, विहिरीचं घर, ग्रंथालयाचं घर, मोहल्ल्यातलं घर, खारवीवाड्यातलं घर, आणि अर्धं जुनं-अर्धं स्लॅबचं असं एक. हे शेवटचं घर मुद्दाम घेतलं, कारण बदल कसा येतो ते तिथे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दिसतं.

दुसरी अडचण मोठ्या घरात निघाली. चौसोपी, वर माडी, गावातलं सगळ्यात देखणं घर. तिथे सत्तरी ओलांडलेल्या काकू आणि त्यांचे आजारी दीर राहतात. काकूंनी आनंदाने होकार दिला होता. पण घराला हिस्सेदार सहा, त्यातले चार मुंबई-पुण्यात, आणि वाटणीचा वाद बरीच वर्षं चालू. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, जुन्याच पिढीचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात एका पुतण्याने पाहिली आणि ग्रंथालयात फोन केला: आम्हाला न विचारता आमच्या घराचे पैसे कोण घेतंय?

त्याच आठवड्यात मी माडी पाहिली. गावातले सुतारदादा सोबत होते. त्यांनी एकेका तुळईवर हातोडीने हलकेच ठोकत माजघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मधोमध खणखणीत आवाज, आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी आल्यावर दोन तुळयांचा बद्द. टोचणी लावली तर सहज बोटभर आत गेली. ऐनाचं लाकूड, मध्यभागी लोखंडासारखं, आणि भिंतीत शिरलेलं टोक भुसा झालेलं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पूर्वी पावसाळ्याआधी या भिंतीला बाहेरून माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप बांधायचे, म्हणजे झड थेट चिऱ्यावर बसत नसे. घरात करती माणसं उरली नाहीत तसं ते बंद पडलं. त्यात पन्हळ फुटलेला. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो, आणि भिंतीत कोंडलेलं तुळईचं टोक कधी सुकतच नाही.

आता या माडीवर ४६ माणसं? राहत्या घराच्या जमिनीसाठी भारतीय मानक ८७५ चा दुसरा भाग चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो भार धरायला सांगतो. लोक गर्दीने जमतात अशा, बसायची जागा न ठोकलेल्या दालनाला ५ किलोन्यूटन. म्हणजे राहतं घर पाहायला खोलो, की आपण त्याच्याकडून अडीचपट भाराची अपेक्षा करू लागतो. आणि पाहुणे काही समान अंतरावर उभे राहत नाहीत. नक्षीची खिडकी एकच असेल तर सगळे तिच्यापाशी येतात. ही खिडकी नेमकी पश्चिमेच्या भिंतीत होती.

समोरचे पर्याय

समितीची बैठक ग्रंथालयाच्या ओटीवर रात्री उशिरापर्यंत चालली. चार सूचना आल्या.

मोठं घर वगळावं, ही पहिली. सुरक्षित आणि सोपी. पण नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या घराचा फोटो पाहूनच नाव दिलं होतं, आणि काकूंना काय सांगायचं हा प्रश्न होता. त्यांनी तोवर ओटीवरचा झोपाळा तेल लावून तयार ठेवला होता.

दुसरी सूचना एका मुंबईकर सदस्याची: गोव्यातल्या चांदोरसारखं करावं. तिथल्या ब्रागांझा घराच्या दोन भागांत घराण्याच्या दोन शाखा आहेत, दोघी आपापली दालनं दाखवतात आणि पाहुणे निघताना देणगी ठेवतात. ऐकायला हे प्रकरण आपल्यासारखंच वाटतं. मला ते जुळत नव्हतं. तिथली दिवाणखान्याची दालनं मुळातच पाहुण्यांना बसवण्यासाठी आणि मिरवण्यासाठी बांधलेली. आपल्याकडे पाहुण्याची हद्द ओटीशी संपते. माजघर हा घरच्या बायकांचा, बाळंतपणाचा, आजारपणाचा, वाळवणाच्या डब्यांचा भाग. ते दाखवायचं म्हणजे घराने जे झाकण्यासाठी भिंत घातली तेच उघडं करायचं. शिवाय चांदोरला वाटणी झालेली आहे. इथे ती झालेली नव्हती.

तिसरी सूचना दोन्ही दिवस सार्वजनिक वास्तूच दाखवायची. रत्नागिरीत त्याला तोटा नाही. पण मग गावात काहीच पोचत नाही.

चौथी, जिच्यावर शेवटी सगळे आले: घरं ठेवायची, पण प्रत्येक घराने आपली हद्द स्वतः सांगायची, आणि गटाचा आकार घराच्या ताकदीवरून काढायचा, नोंदणीच्या आकड्यावरून नाही. यात एक वाक्य शिक्षिकेने कागदावर लिहून घेतलं, ते पुढे फार उपयोगी पडलं: 'घरात राहणारी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, दार लावू शकते.'

नोंदणी घेतलेल्यांतली काही नावं कमी करावीत का, यावरही बोलणं झालं. पैसे परत करून तीस जणांवर यावं असं मी सुचवलं होतं. समितीने लोक तेवढेच ठेवून गट लहान करायचं ठरवलं. त्यांच्या बाजूने कारणही होतं: बचत गटाच्या बायकांनी शेहेचाळीस पानांचा हिशेब धरून तांदूळ, नारळ भरून ठेवले होते.

काय केलं

पुतण्याच्या फोनला समितीने वाद घातला नाही. सहाही हिस्सेदारांना एकच पत्र गेलं, त्यात काय दाखवणार, किती वेळ, घराला किती मानधन आणि ते कुणाच्या हाती, हे सगळं. मानधन सहाही घरांना सारखंच, चार हजार रुपये, मग घर चौसोपी असो की दोन खणी. मोठ्या घराचे पैसे कुणा एकाला न देता पश्चिमेच्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी वेगळे ठेवायचे, असं पत्रात लिहिलं. चौघांनी होकार कळवला, एकाने उत्तर दिलं नाही, आणि फोन करणारा पुतण्या म्हणाला, "मी स्वतः येतो त्या दिवशी." उत्तर न आलेल्या हिस्सेदाराच्या ताब्यातली खोली कुलूपबंदच राहील असं ठरलं.

माडीखाली सुतारदादांनी दोन तात्पुरते टेकू दिले, खाली रुंद फळी घालून, म्हणजे शेणाच्या जमिनीत रुतणार नाहीत. तरीही वर एका वेळी चारच जण आणि खिडकीच्या खणात कुणी उभं राहायचं नाही. खिडकीची नक्षी पाहायची ती खळ्यातून.

आठ-आठ जणांचे गट केले, शेवटचे जरा लहान. सहा गट, सहा घरं, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, म्हणजे एका वेळी प्रत्येक घरात एकच गट. गट फिरवणारी सगळी गावातलीच मुलं, बारावी ते पदवीची. त्यांना माहिती पाठ करायला लावली नाही. आपल्या आजीने या खोलीत काय केलं ते सांगा, एवढंच सांगितलं होतं.

हद्द दाखवायची कशी, यावर मात्र बराच खल झाला. पाट्या लावणं कुणालाच रुचेना; राहत्या घरात 'प्रवेश बंद' लिहिणं म्हणजे घराचं कार्यालय करणं. विहिरीच्या घरातल्या वहिनींनी सहज म्हणून जेवणाचा पाट उचलून माजघराच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला. "हा ओलांडून कोण नाय जायचा." तेवढं पुरलं. सहाही घरांत पाट आडवे पडले. कुणी ओटीनंतर लगेच, कुणी माजघरानंतर. खारवीवाड्यात तर पाट थेट मागीलदारी होता, कारण तिथल्या काकींना आपली चूल आणि मासळी सुकवायची मांडणी दाखवायची होती. मोहल्ल्यातल्या घराने वेगळी अट घातली: पुरुषांनी ओट्यावर बसायचं, आत फक्त बायका. म्हणून सहाही गटांत निदान तिघी बाया येतील अशी विभागणी बदलली. आतल्या दालनात दहा मिनिटं बसून आलेल्या मुलींनी बाहेरच्यांना आत काय पाहिलं ते सांगायचं की नाही, हे त्या घरातल्या चाचींनाच विचारायचं ठरलं. त्यांनी हवा कशी खेळती ठेवली आहे तेवढं सांगायला मोकळीक दिली.

शनिवारी मंडळी रत्नागिरीत फिरली. टिळकांचं जन्मस्थान, १८५६ साली लोकमान्य जिथे जन्मले ते कौलारू घर, आणि मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा हा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. उतरती छपरं ब्रह्मी वळणाची, पण भिंतीत हाच जांभा. या दोन्ही वास्तूंत पाहुणा संकोच न करता फिरू शकतो, कारण तिथे आता कुणी राहत नाही. गावातल्या घरांसाठी वेगळे नियम का, ते समजावताना हा अनुभव मुलांना कामी आला.

संध्याकाळी गावात सुतारदादांनी खांब आणि तुळईचा सांधा सुटा करून दाखवला. खिळा नाही, पाचर आणि कूस. एक जुनं फणसाचं लाकूड त्यांनी काजूच्या टरफलाचं तेल लावून ठेवलं होतं. त्याची काळपट चकाकी सगळ्यांनी हात फिरवून पाहिली. या एका तासाला सगळ्यात जास्त प्रश्न आले.

रविवारची सकाळ

पहिले तीन फेरे सुरळीत पार पडले. चौथा गट मोठ्या घरात असताना ओटीवर काकू तांब्या-भांडं घेऊन उभ्या होत्या. गटातल्या एका गृहस्थांनी पाणी घेता घेता विचारलं, "इथे गुंठ्याला काय चाललाय भाव? द्यायचं झालं तर सांगा, माझा नंबर ठेवा."

काकू काहीच बोलल्या नाहीत. भांडं परत घेतलं, गट खळ्यात उतरेपर्यंत थांबल्या, पाट उचलून आत नेला आणि दार ओढून घेतलं.

दोन गट अजून यायचे होते. हातात दहा मिनिटं. समन्वयक शिक्षिकेपुढे तीन वाटा होत्या. काकूंची समजूत घालावी, ते गृहस्थ माफी मागायला तयार होते. किंवा पुतण्याने स्वतःहून पुढे केलेला हात धरावा. तो तिथेच होता, सगळं ऐकलं होतं, आणि म्हणाला, "मी हिस्सेदार आहे, मी दार उघडतो, मी दाखवतो." किंवा दार बंद हे बंद, असं मानावं.

दुसऱ्या वाटेचा मोह मोठा होता. कायद्याने पाहिलं तर पुतण्याला हक्क होता, आणि महिन्यापूर्वी विरोध करणारा माणूस आता मदत करू पाहत होता. शिक्षिकेने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, मालकी तुमची आहे, पण आज तिथे राहतायत त्या. आम्ही शब्द राहणाऱ्या माणसाला दिलाय." तो जरासा नाराज झाला. मला अजूनही वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत बरोबर निर्णय तो होता. पुतण्याने दार उघडलं असतं तर वाटणीच्या वादात त्या सकाळचा साक्षीपुरावा झाला असता, आणि गावातल्या बाकी पाच घरांनी पाहिलं असतं की दार लावण्याचा शब्द फक्त कागदावर आहे.

उरलेल्या दोन गटांना सुतारदादांनी खळ्यात बसवून जमिनीवर कोळशाने माडीचा छेद काढून दाखवला: झड कुठून येते, पाणी कुठे मुरतं, टोक कसं कुजतं. बहुतेकांना ते पटलं. दोघांनी पैसे परत मागितले. समितीने प्रत्येकी चारशे रुपये तिथल्या तिथे परत केले.

हिशेबाची बैठक

त्यानंतरच्या रविवारी हिशेब मांडला. जमा एक लाख पंधरा हजार. जेवण, बस, राहण्याची व्यवस्था, घरांची मानधनं, मुलांचे आणि सुतारदादांचे पैसे, टेकूचं लाकूड आणि दोघांना परत दिलेले आठशे जाऊन साधारण चौदा हजार शिल्लक. टाळ्या वाजायच्या बेतात असताना बचत गटातल्या एका ताईंनी विचारलं, "सारवणाचे पैसे खय मांडलेत?"

कुठेच मांडले नव्हते. शेणाची जमीन ही या घरांची शान म्हणून जाहिरातीत होती. पण ती जमीन शुक्रवारी तीन घरांतल्या बायकांनी पहाटे उठून सारवली, पाहुण्यांच्या पायांनी रविवारी दुपारपर्यंत तिचा पापुद्रा निघाला आणि सोमवारी ती पुन्हा सारवली. शेण गोळा करणं, कालवणं, ओणवं होऊन हात फिरवणं. चप्पल बाहेर काढायला लावली म्हणजे जमीन सांभाळली, असं सगळ्यांनी धरलं होतं. पन्नास माणसांची अनवाणी पावलंही तिला जड जातात. सुताराच्या कामाला मजुरी असते हे कुणाला सांगावं लागलं नाही. सारवण 'घरचंच काम' म्हणून हिशेबाबाहेर राहिलं. माझ्या मते या उपक्रमाची सगळ्यात मोठी त्रुटी ही होती, आणि ती माडीच्या तुळईइतकी सहज सापडणारी नव्हती, कारण तिथे टोचणी लावायला कुणी गेलंच नव्हतं. शिल्लक रकमेतून दोन्ही दिवसांची मजुरी शेतीच्या चालू दराने त्या बायकांना देण्यात आली. ज्या वहिनींनी पाट ठेवण्याची युक्ती काढली, त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतले.

निष्पत्ती

मोठ्या घराची पश्चिमेची भिंत दुरुस्त झाली. कुजलेली टोकं कापून ऐनाचेच तुकडे तिरक्या सांध्याने जोडले, आणि नवीन टोकाभोवती भिंतीत हवेला फट ठेवली. आधी कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचं सुचवलं होतं. तो केला नाही, कारण चिऱ्यातलं पाणी मग बाहेर पडायला जागा राहत नाही. मानधनाच्या पैशात हे होणार नव्हतं. उरलेला खर्च पुतण्याने आणि आणखी दोन हिस्सेदारांनी उचलला. पावसाळ्याआधी झापही बांधले गेले. वाटणीचा वाद जिथे होता तिथेच आहे.

काकूंनी नंतर समितीला निरोप पाठवला, की पुन्हा लोक आणायचे तर आणा, पण ओटीपर्यंत. त्यांच्या घराचा पाट आता तिथेच असेल.

अर्धं जुनं-अर्धं स्लॅबचं घर मात्र गेलं. पुढच्या मे महिन्यात त्याचा जुना भाग उतरवला, दरवाजे आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. पाहणीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी त्याची मापं घेऊन नकाशे काढले होते, ते ग्रंथालयात आहेत. घरमालकांनी पाहणीच्या दिवशीच सांगितलं होतं की मुलाचं लग्न आहे, खोल्या कमी पडतात. त्यांना दोष देण्याचा मला काही अधिकार वाटत नाही. पण वेळेत कुणी त्या जुन्या भिंतींवर दोन खोल्या वाढवून दाखवणारा आराखडा पुढे ठेवला असता, तर निदान निवड तरी झाली असती.

जमिनीचे दलाल गावात पूर्वीही यायचे. पाहणीनंतर दोन घरांना फोन आले. एका पाहुण्याने खाडीकाठच्या घराचे फोटो गावाच्या नावासह टाकले होते. ग्रंथालयाने विनंती केल्यावर नाव काढलं.

वेगळं काय करता आलं असतं

घरं आधी, नोंदणी नंतर. सहा घरांच्या ताकदीची बेरीज तीस माणसांची होती. ती आधी काढली असती तर टेकूवर भिस्त ठेवावी लागली नसती. आणि ही ताकद म्हणजे फक्त तुळया नव्हेत. विहिरीचं पाणी, शौचालय, घरातली आजारी माणसं, सारवणाची जमीन, हे सगळं तीत धरायचं. शौचालयासाठी शाळेचं वापरलं ते बरं झालं, पण खारवीवाड्यापासून शाळा उतारावर लांब आहे आणि वयस्कर पाहुण्यांचे हाल झाले.

हिस्सेदारांना पत्र जाहिरातीच्या आधी जायला हवं होतं. मजकूर तोच चालला असता, फक्त क्रम उलटा. जाहिरातीनंतर आलेलं पत्र कितीही नम्र असलं तरी ते कळवणं ठरतं, विचारणं नव्हे.

जमिनीचा भाव विचारू नये, ही गोष्ट सांगायची गरज पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती सांगावी लागते. शनिवारी रात्री फोटोच्या सूचना दिल्या तेव्हाच ही एक ओळ जोडता आली असती.

काळाची निवडही चुकता चुकता वाचली. सुरुवातीला १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन, साधायचा बेत होता. त्या वेळी निम्मं गाव आंब्याच्या काढणीत आणि उरलेलं शाकारणीत असतं. जानेवारी धरला म्हणून माणसं घरात सापडली. तरी माझं मत असं, की एक पाहणी मुद्दाम पावसात ठेवावी, अगदी दहा जणांची, एकाच घराची. पाखा इतका लांब का, पडवीला झाप का, ओटी एवढ्या उंच जोत्यावर का, ही उत्तरं जानेवारीच्या उन्हात नुसती सांगावी लागतात. जुलैत ती पडवीत उभं राहिल्या राहिल्या दिसतात.

ग्रंथालयाने पुढच्या खेपेसाठी तीस नावांची मर्यादा ठरवली आहे, सारवणाची मजुरी खर्चाच्या पहिल्या ओळीत घेतली आहे आणि पाहणीच्या आदल्या शनिवारी सकाळ गावातल्याच शाळेच्या मुलांसाठी राखून ठेवली आहे. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. खारवीवाड्यातल्या काकींनी आपलं घर त्यात पहिलं लावा म्हणून सांगितलं आहे.